पाटीवरची शेवटची ओळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. वाराणसीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत भोजनालय चालवणाऱ्या मावशींचे. त्या माझ्या नात्याच्या नव्हत्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

माझे वडील मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बी.ए. झालो, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.ए. करायला काशीला आलो, तेव्हा वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नव्हता. स्टेशनवर एका यात्रेकरूने सांगितलं, की मराठी माणसाला घरचं जेवण हवं असेल तर बालाजी घाटाकडे जा. मी ट्रंक घेऊन गेलो. मावशींनी आधी जेवायला वाढलं आणि मग विचारपूस केली. माझं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "राहायची फिकर नको करू. जिन्याखालची खोली खाली आहे. दोन्ही वेळ इथेच जेव. फक्त दुपारी पंगतीच्या वेळेला दारावर उभा राहत जा. माझ्याने आत-बाहेर दोन्ही होत नाही."

मावशींचा जन्म काशीतलाच. त्यांच्या आजोबांचे आजोबा पूजापाठासाठी इथे आले आणि राहिले. त्यांचं मराठी असं हिंदीत मुरलेलं होतं; रिकाम्या खोलीला त्या 'खाली' म्हणायच्या. यजमान वारल्यावर त्यांनी हे भोजनालय सुरू केलं. जागा एका मराठी संस्थेची होती आणि दरवर्षी करार नवा करावा लागायचा. करारात एक कलम होतं, ते मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवलं. उंबरठ्याच्या आत मद्य आढळलं तर जागा संस्थेकडे परत जाईल.

मला ते कलम तेव्हा गमतीचं वाटलं. वरण-भात, पोळी, कढीच्या त्या पंगतीत दारू घेऊन कोण येणार? पण काशीत राहिल्यावर हळूहळू कळलं. कायदा सगळ्या शहराला एकच असेल, पण तो पाळायची रीत गल्लीगणिक वेगळी होती. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला ज्या हॉटेलांकडे परवाना नव्हता तिथेही लोक आपली बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. ती टेबलाखाली पायांच्या मध्ये उभी करायची आणि वेटर खालच्या आवाजात विचारायचा, "गिलास लगा दें?" लंका नावाच्या वस्तीत, विद्यापीठाच्या फाटकाबाहेर एक ढाबा होता. तिथे पडद्यामागे चालायचं, पण शेजारच्या टेबलावर बायकामुलं बसलेली असली तर मालक स्वतः येऊन हात जोडायचा, "आज नहीं, भैया." घाटाच्या वरच्या काही गच्च्यांवर परदेशी पाहुण्यांना चहाच्या किटलीतून बिअर मिळायची. आणि आमच्या गल्लीत, देवळांच्या सावलीत, असलं काही बोलायचीही गरज नव्हती. इथे बाटली घेऊन शिरणारा माणूस नुसता गिऱ्हाईक म्हणून नव्हे, शेजारी म्हणूनही कायमचा गेला असता.

तरी एकदा झालं होतं. मी येण्याच्या आदल्या वर्षी दोन तरुण थंड पेयाच्या बाटलीत मिसळून दारू घेऊन आले होते. पंगतीतच एकाला उलटी झाली. संस्थेने मावशींना ताकीद दिली, की पुन्हा असं झालं तर कलम अमलात येईल. त्या जागेवर डोळा ठेवून असलेला एक गेस्ट हाउसवाला होताच. त्याला तिथे परदेशी लोकांसाठी रेस्टॉरंट काढायचं होतं, आणि संस्थेच्या दोन विश्वस्तांकडे त्याची ये-जा होती. किटलीतली बिअर त्याच्याच गच्चीवर मिळायची, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून दारावरची पाटी नवी करायची ठरली. अक्षर माझं बरं, म्हणून पत्र्यावर मीच रंगवली. वर हिंदीत, खाली मराठीत. "बाहेरचे खाद्यपदार्थ व मद्य आत आणण्यास सक्त मनाई आहे." पाटी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी विश्वनाथाचं दर्शन घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मी नियमाप्रमाणे पेढ्यांचा द्रोण बाहेर ठेवायला लावला. ते जेवत असताना माकडाने तो द्रोण उचलला आणि समोरच्या छपरावर बसून एकेक पेढा खाल्ला. म्हातारी रडली. मावशी स्वयंपाकघरातून मला म्हणाल्या, "अरे, देवाच्या घरून आलेला माणूस हातातला प्रसाद कुठे टाकणार? लिही खाली." मी ब्रश आणला आणि खाली एक ओळ वाढवली: "प्रसाद चालेल."

तेव्हापासून माझं दारावरचं काम ठरून गेलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "बाहेरचं काही आहे का?" तो म्हणायचा, "प्रसाद आहे." मी म्हणायचो, "या."

त्या फाल्गुनात करार संपत आला होता. सोमवारी संस्थेची बैठक होती. त्याआधीच्या शनिवारी संस्थेचे चिटणीस दोन विश्वस्तांना घेऊन दुपारच्या पंगतीला आले. जागा कशी ठेवली आहे ते पाहायचं होतं. चिटणीस मावशींच्या यजमानांचे मित्र. मावशी त्यांना भाऊजी म्हणायच्या, ते त्यांना वहिनी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण गेस्ट हाउसवाल्याकडे ज्यांचं येणं-जाणं होतं, तेच हे दोन विश्वस्त होते, आणि ते मावशींकडे कमी आणि भिंतीच्या ओलीकडे जास्त बघत होते. मावशी सकाळपासून सोवळ्यात होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "आज कोणाशी वाद नको. वाढायला हात लाव."

यात्रेची एक बस त्याच वेळी आली. माणसं सातारच्या बाजूची होती. दारात गर्दी झाली. मी प्रत्येकाला विचारत होतो. एका लुगड्यातल्या बाईंच्या हातात कापडी पिशवी होती. त्यांच्या मागे त्यांचे मालक, गळ्यात तुळशीची माळ.

"बाहेरचं काही आहे का?"

"परसाद हाय फकस्त."

"या, बसा."

मी त्यांना चिटणिसांच्या शेजारच्या पाटावर बसवलं, कारण तेवढेच दोन पाट रिकामे होते.

भात वाढून झाला होता. मी वरणाचं भांडं घेऊन पंगतीतून येत होतो. बाईंनी पिशवी गुडघ्याशी नीट लावायला म्हणून हलवली आणि ती फरशीवर टेकली. काचेचा आवाज झाला. आवाज तसा लहानच होता. पण मी त्यांच्यासमोर वाकलो तेव्हा पिशवीच्या तोंडातून वास आला. बूच सैल होतं.

मी वाकलेल्या अवस्थेतच हळू विचारलं, "बाई, काय आहे यात?"

"परसाद, सांगितलं की."

"कुठला?"

"काळभैरवाचा. लेकीच्या पोटाचं आपरेशन झालं, तवा बोलले व्हते. आमच्याकडं भैरोबाला नारळ अन् गुलाल. हितं दुकानदार म्हनला, हितं हेच चढतंय. पुजाऱ्यानं देवाच्या तोंडाला लावली अन् उरलेली हातात दिली. म्हनला, ले जाव."

खरंच होतं ते. काशीत आल्यापासून भैरवाच्या देवळाबाहेर फुलांच्या टोपल्यांशेजारी मांडलेल्या बाटल्या मी कितीदा पाहिल्या होत्या. पण प्रसाद म्हटल्यावर पेढा, लाह्या, खडीसाखर याच्यापलीकडे माझ्या डोक्यात काही येत नव्हतं. माझा प्रसाद आमच्या गावच्या देवळातला होता.

"बाई, हे बाहेर ठेवावं लागेल."

"कुठं? चपलांपाशी?" त्यांनी पिशवी जवळ ओढली. "लेक वाचली माझी. देवाची वस्तू चपलांपाशी ठेवू?"

परत नेऊन द्यावी, तर दुपारी देऊळ बंद. गंगेत सोडावी, हे मनातसुद्धा आणवेना. माझ्या हातातल्या भांड्यातलं वरण निवत होतं आणि पलीकडून कोणीतरी ओरडत होतं, "ओ वाढपी, इकडे कोरडा भात खायचा का?"

चिटणिसांनी मान वळवली. "काय झालं? काय आहे पिशवीत?"

बाईंचे मालक इतका वेळ गप्प होते. माळकरी माणूस, बायकोच्या पिशवीत बाटली. सकाळपासून ते मान खाली घालून चालत असणार. ते घाबरून पटकन म्हणाले, "गंगाजल हाय जी. गंगाजल."

चिटणिसांचा चेहरा खुलला. अजून कोणी पहिला घास घेतला नव्हता. ते ताठ बसले, उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला आणि म्हणाले, "वा. मग आपोशनीला द्या की थोडं. आजचं ताजं असेल."

जेवण्याआधी तळहातावर घोटभर पाणी घेऊन ते पिण्याची त्यांची रोजची रीत. तांब्यातल्या पाण्याऐवजी गंगाजल मिळत असेल तर कोण सोडेल? शेजारच्या दोन्ही विश्वस्तांनीही हात पुढे केले. मालकांचा हात पिशवीकडे गेला. आता ते खरंच ओततात की काय, असं मला वाटलं. गप्प बसलो तर काही क्षणांत काय होईल ते दिसत होतं, आणि बोललो तर मावशींची जागा जाईल हेही दिसत होतं.

"काका, थांबा," मी म्हणालो. "ती दारू आहे."

बाई मालकांवर उसळल्या. "देवाच्या जिनसाला खोटं कशापायी बोलता वो? अन् दारू न्हवं ती. परसाद हाय."

चिटणिसांचा हात तसाच पुढे होता. तो मागे घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. पलीकडच्या रांगेतून बसमधला एक गडी म्हणाला, "काका, हात पुढं केलायच तर घ्या की!" आणि सगळी पंगत खदखदून हसली. चिटणिसांनी मूठ मिटली. त्यांचे कान लाल झाले होते. त्या हसण्याने जे बिघडलं ते बाटलीनेही बिघडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

हसण्याचा आवाज ऐकून मावशी तुपाचं भांडं घेऊन दारात आल्या. "काय झालं रे?"

मी सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. मावशींनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि बाईंसमोर येऊन दोन्ही हात पुढे केले. "द्या माझ्याजवळ."

"तुमी सोवळ्यात हाय," बाई दचकून म्हणाल्या.

"पुन्हा अंघोळ करेन. द्या."

त्यांनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि उंबरठा ओलांडून गल्लीत गेल्या. आमच्या दाराबाहेर डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा होता. त्यात शेंदूर लावलेला लहानसा भैरव. काशीत अशा दगडांना तोटा नाही. मी रोज त्याच्या खाली उभा राहून लोकांना विचारायचो आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती. मावशींनी बाटली त्याच्या पायाशी ठेवली. "हाही भैरवच आहे, बाई. त्याचं त्याच्याजवळ राहू द्या. जेवून घ्या आता."

बाईंनी तिथूनच हात जोडले. त्यांचं समाधान झालं होतं. चिटणिसांचं झालं नव्हतं.

"वहिनी, ते आत आलं होतं."

"आलं होतं न."

"करारात उंबरठा लिहिलेला आहे."

"करारात आहे, भाऊजी. मग त्याच उंबरठ्याच्या आत तुम्हीही हात पुढे केला होता न?"

पंगत पुन्हा हसली. मावशी हसल्या नाहीत. त्या तशाच आंघोळीला गेल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तूप मी वाढलं. चिटणीस ताटातलं सगळं जेवले, काही टाकलं नाही, आणि हात धुऊन गेले. एक विश्वस्त जाताना पाटीपुढे थांबला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाड्यात बाटली नव्हती. झेंडूचं एक फूल होतं. मावशी म्हणाल्या, "ज्याने नेली त्याला पावला."

त्याच दिवशी दुपारी चिटणिसांनी मला राजा घाटाजवळच्या त्यांच्या घरी बोलावलं. मावशींना मी सांगून गेलो. त्या म्हणाल्या, "जे झालं तेच सांग. माझ्यासाठी कमी-जास्त नको करू."

चिटणिसांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. कालचा राग दिसत नव्हता, थकवा दिसत होता. "तिच्या लग्नात मी वाढलंय," ते म्हणाले. "तिला काढायची मला हौस नाही. पण त्या दोघांनी पाहिलंय. उद्या ते कलम वाचतील. मी काय सांगू? काही बदललं आहे, असं काहीतरी दाखवावं लागेल."

"पाटी बदलली तर?"

"सकाळीच विचारलं तिला. म्हणाली, कोणाचा प्रसाद दारात अडवणार नाही, त्यापेक्षा जागा घ्या." "तू सांग, आत कोणी घेतलं?"

"मी. मावशी आत होत्या. त्यांना माहीतही नव्हतं."

"हे बैठकीत सांगता येईल. दारावरच्या माणसाने आत घेतलं." ते खिडकीतून गंगेकडे पाहत होते. "पण मग ते विचारतील, तो माणूस अजून दारावर आहे का?"

मला त्यांचं म्हणणं समजलं. त्यांनी ते याहून स्पष्ट केलं नाही, आणि मीही करायला लावलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती. जिन्याखालची खोली गेली तर राहायला कुठे, खायला काय, हे माहीत नव्हतं. आमच्या गावी वडील मोंढ्यात सगळ्यांना सांगत फिरायचे, की पोरगं काशीला एम.ए. करतंय. ते सगळं डोक्यात फिरत होतं. पण दुसऱ्या बाजूला मावशींना चुलीशिवाय बसलेलं मला डोळ्यांपुढे आणता येईना.

"नाही म्हणून सांगा," मी म्हणालो.

मावशी संध्याकाळी पंचगंगा घाटावर कीर्तनाला जायच्या. त्या गेल्यावर मी ट्रंक भरली. समोर असत्या तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं. संस्थेत जाऊन भांडल्या असत्या आणि जागा घालवून आल्या असत्या. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तशाच होत्या त्या. लंकेला वर्गातल्या एका मित्राच्या खोलीत जमिनीवर जागा मिळाली. तिथून मी मावशींना पत्र लिहिलं आणि मुद्दाम टपालाने पाठवलं, म्हणजे ते बैठक झाल्यावरच त्यांच्या हातात पडेल.

करार नवा झाला. गुडघे चालत होते तोवर मावशींनी ते भोजनालय चालवलं. एम.ए.चा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन गेलो. दारावर दुसरा मुलगा उभा होता. त्याने मला विचारलं, "बाहेरचं काही आहे का?" मावशींनी डब्यांच्या फळीवरून माझं पत्र काढलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. मला पूर्ण वाचवलं नाही. नंतर ते त्यांनी मलाच देऊन टाकलं, म्हणून आज ते इथे उतरवून देता येतं.

"मावशी, तुमच्या पाया पडतो.

हे पत्र मिळेल तेव्हा बैठक झालेली असेल आणि तुम्ही माझ्यावर रागावलेल्या असाल. रागवा, पण भाऊजींना काही बोलू नका. त्यांनी मला जा म्हटलं नाही. मीच निघालो.

तुम्ही म्हणाला होता, जे झालं तेच सांग. मी तेच सांगितलं. त्या बाई प्रसाद आहे म्हणाल्या आणि मी या म्हणालो. यात तुम्ही कुठेच नव्हता, मग तुमची जागा का जावी? पुन्हा त्या बाई आल्या तरी मी त्यांना या असंच म्हणेन. फक्त बाटली आधी कोनाड्यात ठेवायला सांगेन.

मी विद्यापीठाजवळ मित्राच्या खोलीत आहे. छप्पर पक्कं आहे, दिवा आहे, अभ्यास होतो. जेवण मेसमध्ये. वरणाला चव नाही, पण पोट भरतं. वडिलांना यातलं काही कळवू नका. त्यांना मी तुमच्याकडेच आहे असं वाटू द्या.

खोलीची किल्ली तांदळाच्या पिंपावर ठेवली आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा दगड हलतो, ते सांगायचं राहून गेलं. रात्री उतरताना भिंत धरा.

पाटीवरची शेवटची ओळ कोणालाही पुसू देऊ नका. रंग उडाला तर निरोप पाठवा, मी येऊन पुन्हा रंगवीन.

माझी ताट-वाटी फळीवर आहे. ती कोणाला देऊ नका. निकाल लागला की जेवायला येतो. दारावर उभा राहायला नाही, नुसता जेवायला."